टँकखालची रिकामी जागा

"समुद्री टँक करायचाय, काय काय लागेल?" असं कुणी विचारलं, की त्याच्या डोळ्यांपुढे वरची काच असते. निळसर उजेड, क्लाउनफिशची जोडी, प्रवाहाबरोबर डोलणारी झोअँथिड, म्हणजे फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे नातलग. मी मात्र आधी खालच्या कपाटाची मापं विचारते. लांबी किती, उंची किती, दार पूर्ण उघडतं का, मागच्या भिंतीपर्यंत हात पोहोचतो का. समोरचा थोडा हिरमुसतो, कारण त्याला माशांबद्दल बोलायचं असतं. पण टँक वर्षानुवर्षं टिकणार की सहा महिन्यांत मोडीत निघणार, हे बऱ्याच अंशी त्या कपाटातल्या साध्या काचेच्या पेटीवर ठरतं. तिला संप म्हणतात. आणि ती अर्धवट रिकामी असणं हेच तिचं सगळ्यात मोठं काम, असं माझं अगदी ठाम मत आहे.

आमच्या ठाण्याच्या घरी हॉलच्या भिंतीलगत चार बाय दोन बाय दोन फुटांचा टँक आहे. सोळा घनफूट, म्हणजे साधारण ४५० लिटर. खाली तीन फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि सोळा इंच उंच संप. वरचं पाणी ठरावीक पातळीच्या पुढे गेलं की एका दातेरी काठावरून अरुंद पेटीत सांडतं आणि पाईपातून खाली उतरतं. खाली आधी गाळणीचा कापडी सॉक, मग स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राचा कप्पा, मग शेवाळाचा, मग काचेच्या तीन पडद्या. या पडद्यांमधून पाणी वरून-खालून वळसे घेतं, तेवढ्यात त्यातले बुडबुडे निघून जातात. शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो. तासाभरात टँकमधलं सगळं पाणी या फेरीतून चारपाच वेळा जाऊन येतं. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह यातून मिळत नाही, त्यासाठी वर वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारे वेगळे पंप असतात.

"ओव्हरफ्लोचा, पाणी काठावरून सांडवायचा एवढा खटाटोप कशाला, एक पंप वर चढवायला आणि एक खाली उतरवायला लावू की," असंही बरेच जण सुचवतात. ते चालत नाही. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन पंपसुद्धा तंतोतंत सारखं पाणी फेकत नाहीत. मिनिटाला अर्धा पेला फरक पडला तरी सकाळपर्यंत फरशीवर तळं साचतं. पंप एकच हवा आणि तो पाणी वर नेणाराच हवा. तो जेवढं वर नेईल तेवढं आपोआप खाली सांडतं, पंप कमी-जास्त केला तरी हिशोब चुकत नाही.

खाली येणाऱ्या पाईपांच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. एकच पाईप ठेवला तर पाणी हवा गिळत गुडगुडत उतरतं आणि हॉलमध्ये झोपणाऱ्याची झोप उडते. शिवाय तो तुंबला की संपलंच. हौशी लोकांनीच यावर काढलेला उपाय म्हणजे तीन पाईप. पहिल्याला गेट व्हॉल्व्ह. तो हळूहळू आवळत जायचा, इतका की पाईपात हवा उरत नाही आणि पाणी भरल्या पाईपाने बिनआवाज उतरतं. दुसऱ्यातून उरलेली बारीक धार. तिसऱ्याचं तोंड सगळ्यात उंच आणि तो कोरडा. एखादी गोगलगाय पहिल्या पाईपात जाऊन अडकली तर पाणी चढतं, दुसरा पाईप भरून वाहू लागतो, आणि तोही कमी पडला तर तिसरा सगळा लोंढा एकटा घेतो.

आमच्याकडे जोडणीला आलेले प्लंबरकाका त्या तिसऱ्या पाईपाकडे बघून म्हणाले, "ताई, ह्यातून तर पाणीच येत नाही. काढून टाकू का? फिटिंगचे पैसे वाचतील."

मी म्हटलं, "काका, पहिल्या पाईपाचं तोंड हाताने बंद करा बघू."

त्यांनी कोपरापर्यंत हात घालून तोंड दाबलं. पाणी बोटभर चढलं, दुसऱ्या पाईपाने घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि मग तिसऱ्यातून पाणी धबाधबा संपात कोसळलं. वरच्या टँकच्या काठाला थेंबही पोहोचला नाही. काका हात न काढता थोडा वेळ तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. गच्चीवरच्या टाकीलाही असतोच की." तिसरा पाईप राहिला.

संप रिकामा का ठेवायचा, हे लाईट गेल्यावर कळतं. पंप थांबतो, पण वरचं पाणी लगेच थांबत नाही. दातेरी काठाच्या वर जे काही पाणी असतं ते खाली येतं. रिटर्नच्या पाईपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे तोही उलटा सायफन होऊन पाणी ओढत राहतो आणि तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत थांबत नाही. आता हिशोब बघा. चार बाय दोन फुटांच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ १९ लिटर. रिटर्नचं तोंड तीन इंच खोल असेल तर ५७ लिटर पाणी खाली येणार. माझ्या संपात एक इंच म्हणजे नऊ लिटरसुद्धा नाहीत. म्हणजे वरचा एक इंच खालच्या दोन इंचांहून जास्त. तीन इंच उतरले तर खाली साडेसहा इंच चढणार, त्यात पाईपांमधलं पाणी वेगळंच. संप काठोकाठ भरून ठेवला तर हे पाणी फरशीवरच जाणार.

म्हणून नवा टँक चालू करताना मासे, दगड, मीठ यांच्या आधी एक चाचणी करायची. नळाच्या साध्या पाण्याने सगळं भरायचं, फेरी सुरू करायची आणि पंपाचं बटण बंद करायचं. आधी आवाज थांबतो. हॉल एकदम इतका शांत होतो की घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मग खाली पाणी चढायला लागतं. सॉक फुगून तरंगतो, पडद्या एकेक करून बुडतात, सगळे कप्पे मिळून एकच तळं होतं. वर रिटर्नच्या तोंडाशी छोटा भोवरा दिसतो, सुर्र आवाज येतो, हवा शिरते आणि चढ थांबतो. संपच्या काठाखाली चार बोटं तरी जागा उरली पाहिजे. नसेल तर संपातलं पाणी काढायचं, पुन्हा पंप चालू, पुन्हा बंद. जमलं की पंप चालू असतानाची पातळी काचेवर मार्करने रेघ मारून ठेवायची आणि घरातल्या प्रत्येकाला सांगायचं की या रेघेच्या वर पाणी भरायचं नाही. काही जण रिटर्नच्या पाईपाला एकदिशा व्हॉल्व्ह लावून निश्चिंत होतात. समुद्री टँकमध्ये त्या व्हॉल्व्हच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, नळीकिडे घर करतात आणि नेमक्या वेळी ती पुरती मिटत नाही. त्यापेक्षा रिटर्नचं तोंड पाण्याखाली जेमतेम एक इंच ठेवावं. रिकामी जागा कधी बिघडत नाही.

जे लाईट गेल्यावर होतं, तेच एरवीही दर तासाला बारीक प्रमाणात चालू असतं. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहतं. मे महिन्यात पंखा लावलेला असताना आमच्याकडे दिवसाला सहासात लिटर पाणी उडतं. संप नसता तर वरच्या टँकची पातळी जेमतेम पाव-अर्धा इंच खाली गेली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण संप असला की वरची पातळी दातेरी काठाशीच ठरलेली राहते, आणि सगळी घट फक्त शेवटच्या लहानशा कप्प्यात दिसते. तिथे सात लिटर म्हणजे जवळपास तीन इंच. त्यामुळे तिथला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, ती लगेच ओळखतो आणि कॅनमधून आरओचं गोडं पाणी थोडं थोडं सोडत राहतो. क्षारता, म्हणजे हजार भाग पाण्यातलं मीठ, ३५ च्या आसपास स्थिर राहते. मी ती आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने बघते, पण आकडा हलत नाही. जुलैत हवाच इतकी दमट असते की कॅन कितीतरी जास्त दिवस पुरतो. मात्र तेव्हा पंख्याने पाणी थंडही होत नाही आणि चिलर जास्त चालतो. पावसाळ्यात विजेचं बिल उन्हाळ्याइतकं का, हे घरच्यांना समजावून सांगताना मला हेच सगळं सांगावं लागतं.

ज्या प्राण्यांसाठी हे चाललंय, ते अशा समुद्रातून आलेत की जिथे क्षारता, तापमान, आम्लता यांतलं काहीच एका दिवसात फारसं बदलत नाही. बदल सहन करायची सवयच त्यांच्या अंगात नाही. आणि फ्लॅटमध्ये ठेवलेल्या ४५० लिटर पाण्यात सतत काही ना काही बदलत असतं. हा बदल थांबवता येत नाही. त्याला दुसरीकडे जागा देता येते. जुन्या घरांना परसदार असायचं. खरकटं, राख, सरपण, धुण्याचा दगड, सगळं तिथे, म्हणून ओटी नेहमी नीटनेटकी. संप म्हणजे टँकचं परसदार आहे.

या परसदारातलं सगळ्यात घाण आणि सगळ्यात महत्त्वाचं काम स्किमर करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळांनी सोडलेला चिकट स्राव, यातले बरेच रेणू असे असतात की त्यांचं एक टोक पाण्यापासून दूर पळतं. पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडले की हे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर चिकटतात, बुडबुड्यांबरोबर वर जातात, आणि यंत्राच्या अरुंद मानेत घट्ट होत जाणारा फेस वरच्या कपात सांडतो. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात आणि फुटतात, खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात, म्हणून हे यंत्र समुद्री टँकलाच लागू पडतं. पावसाळ्यात वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पिवळट फेसाचे थर साचतात, ते याच क्रियेने. कप उचलला की आत काळपट तपकिरी द्रव असतो आणि त्याला असा वास येतो की नाक धरूनच मोरीपर्यंत न्यावा लागतो. मला तो वास आवडतो असं म्हणणार नाही. पण तो कपात आहे म्हणजे पाण्यात नाही, हे समाधान मोठं असतं. स्किमरला मात्र पाण्याची उंची अगदी ठरलेली लागते, इंचभर कमी-जास्त झाली की फेस बिघडतो. संपातल्या पडद्या ती उंची धरून ठेवतात. वरच्या टँकला लटकवलेल्या स्किमरला हे सुख नसतं.

संप आज असा आहे यामागे एक इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत मांडली: समुद्रातले जिवंत दगड (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले), समुद्राचंच पाणी, उजेड आणि हवेचे बुडबुडे, बस्स. फिल्टर नाही. जिथे समुद्र दाराशी आहे तिथे हे जमलं, युरोप-अमेरिकेतल्या घरांत जमेना. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जॉर्ज स्मिट या डच हौशी माणसाच्या लेखांमुळे अमेरिकेत ट्रिकल फिल्टरची लाट आली. टँकखाली पेटी, पेटीत प्लॅस्टिकचे काटेरी गोळे, त्यांच्यावरून ठिबकणारं पाणी. गोळ्यांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करत. काम फत्ते होत होतं, पण अर्धंच. नायट्रेटचं पुढे वायूत रूपांतर करणारे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी राहतात आणि त्या हवेशीर गोळ्यांत तशी जागाच नव्हती. नायट्रेट साचत गेलं. मग जर्मनीत रुजलेली बर्लिन पद्धत पसरली: सच्छिद्र दगड भरपूर आणि दमदार स्किमर. दगडाच्या बाहेरच्या थरात पहिलं काम होतं आणि आतल्या गुदमरलेल्या पोकळ्यांत दुसरं. लोकांनी एकेक करून गोळे काढून फेकले. पेटी मात्र कुणी फेकली नाही, कारण तोवर लक्षात आलं होतं की नुसत्या पेटीचाच मोठा उपयोग आहे. जास्तीचं पाणी, हीटर-चिलर लपवायला जागा, पातळी सांभाळायला जागा. आजचा संप म्हणजे ती उरलेली पेटी.

रिफ्यूजियम, म्हणजे शेवाळाचा कप्पा, दुसऱ्या वाटेने आला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी हे शैवालांचे अभ्यासक. त्यांनी रीफचा, म्हणजे प्रवाळांच्या खडकाचा, एक छोटा जिवंत नमुना उभा केला आणि १९८० मध्ये तो तिथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात लोकांसाठी खुला झाला. पाणी शुद्ध करायचं काम त्यांनी यंत्रांऐवजी शेवाळाच्या गालिच्यावर सोपवलं होतं. प्रत्यक्ष रीफवर आणि तिच्या मागच्या उथळ पाण्यात वनस्पती हेच करतात, मग आपण वेगळं का करावं, हा त्यांचा विचार होता.

माझ्या संपात मधल्या कप्प्यात कीटोमॉर्फाचा गोळा आहे, ताठ हिरव्या तंतूंचा. त्याचा दिवा मी उलट्या वेळेला लावते. रात्री वरचे दिवे मावळले की खालचा लागतो. त्याला कारण आहे. दिवसा प्रवाळांतलं शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरतं आणि पीएच ८.३ च्या आसपास जातो. रात्री सगळे फक्त श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच ७.९ पर्यंत घसरतो. खिडक्या लावून एसी चालू असेल आणि घरात चार माणसं झोपलेली असतील तर आणखीच. खाली रात्रभर उजेडात बसलेलं शेवाळ त्यातला काही भाग ओढून घेतं, घसरण कमी होते. स्किमरची हवा ओढणारी पातळ नळी मी खिडकीबाहेर सोडली आहे, तिचाही फरक पडतो. महिन्यातून एकदा मूठभर शेवाळ तोडून काढलं की त्याने शोषलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट त्याच्याबरोबर घराबाहेर जातं.

खालचा दिवा लागायच्या आधी कधी कपाटाचं दार उघडून लाल टॉर्च मारून बघावं. शेवाळाच्या गुंत्यात पांढरे ठिपके झटके देत उड्या मारत असतात, ते कोपेपॉड. तांदळाच्या कणीएवढे, पाठीत वाकलेले अँफिपॉड तंतूंवरून आडवे पळतात. दगडाखालून ब्रिटल स्टारचे केसांहून थोडे जाड हात बाहेर येऊन पाण्यात चाचपत असतात, उजेड जवळ नेला की सर्रकन आत. यातलं मी काहीच विकत आणलेलं नाही. प्रवाळांच्या बुडख्यांवरून आले आणि वर मासे असल्यामुळे तिथे टिकले नसते, इथे वाढले. त्यांची पिल्लं, अंडी पंपातून वर जातात आणि वरच्यांच्या तोंडी पडतात. मँडरिन मासा बहुतेककरून याच खाण्यावर जगतो. ज्याच्याकडे जुना, पॉडनी गजबजलेला संप नाही, त्याने तो मासा आणूच नये. सुंदर दिसतो म्हणून आणतात आणि काही आठवड्यांत उपाशी मारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

काय आणायचं नाही, याची यादी आपल्याकडे कायद्यानेही दिलेली आहे. रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे सगळे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण. किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणणं हाही गुन्हा. म्हणून माझ्याकडे झोअँथिड, मशरूम आणि लेदर अशी दगडी सांगाडा नसलेली प्रवाळं आहेत, दगड सिरॅमिकचे आहेत आणि क्लाउनफिश टँकमध्येच जन्मलेल्या. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन साधलेलं आहे. असं असताना समुद्रातून पकडलेला मासा मागायचं काहीच कारण नाही.

रिफ्यूजियम ठेवायला लागल्यापासून मी खाडीकडेही वेगळ्या नजरेने बघते. ठाण्याची खाडी आमच्या घरापासून जवळ आहे. २०२२ पासून तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे. शहराकडून येणारा गाळ आणि पोषक द्रव्यं कांदळवनाच्या मुळांत अडतात, चिखलात जिवाणू नायट्रेट फोडतात, माशांची आणि कोळंबीची पिल्लं तिथे वाढतात आणि मग बाहेर जातात. माझ्या मधल्या कप्प्यात जे घडतं तेच, फक्त अफाट प्रमाणावर. आणि प्रवाळ फक्त लक्षद्वीपला किंवा मालवणला असतं असं नाही. मुंबईच्या गढूळ पाण्यातसुद्धा ते तग धरून आहे. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळ हलवावी लागली होती. कांदळवनाची जागा म्हणजे पडीक जागा, भराव घालायला मोकळी, असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. टँकखालचा संप काढून तिथे चपलांचा रॅक करू, असं म्हणण्यासारखंच ते आहे.

तर जागेचा प्रश्न. फ्लॅटमध्ये ती कमी असते आणि वजनही बघावं लागतं. आपल्याकडे घरातल्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलोंच्या हिशोबाने धरलेला असतो, आणि टँक, संप, दगड, कपाट मिळून माझं ओझं ७०० किलोंच्या घरात जातं, तेही एका चौरस मीटरहून कमी जागेत. इमारतीचा नकाशा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, टँक बीमजवळ, भिंतीलगत ठेवा. वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जाणार नाही, आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पंप लावू नका.

मग बजेट आणि जागा दोन्ही तोकडी पडत असतील तर वरचा टँक लहान करा. चारऐवजी तीन फुटांचा चालेल. संपाची लांबी मात्र एक इंचही कमी करू नका. सुताराला ७१० ग्रेडचा मरीन प्लाय वापरायला सांगा, संप आत सरकवता आणि पुन्हा बाहेर काढता येईल एवढं तोंड फ्रेमला ठेवायला सांगा, आणि स्किमरचा कप सरळ वर उचलून निघेल एवढी उंची आधी मोजून त्याला लिहून द्या. तो कप दर दोनतीन दिवसांनी काढायचाय, तिरका करून काढावा लागला तर सगळं पुन्हा पाण्यात सांडतं.